भुकेची कावीळ

दवाखान्यातून आल्यापासून अंग तापलं आहे. ताप नाही, राग आहे.

लग्न होऊन नागपुरात आले, सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं जेवू लागले, त्या वर्षीच माझे डोळे पिवळे दिसायला लागले. सासूबाई म्हणाल्या, माहेरून कावीळ घेऊन आली. मौद्याकडच्या एका गावात कावीळ उतरवणारा होता. त्याने माझे हात चुन्याच्या पाण्यात धुतले, पाणी पिवळं झालं, आणि त्याने गुरुवारचे उपास सांगितले. गुरुवारी दिवसभर पाण्यावर राहायचे. शुक्रवारी डोळे आणखी पिवळे. मग सासूबाईंनी सोमवारही जोडला.

काटोलला माहेरी गेले की आई सकाळीच भाकर वाढायची. चार दिवसांत डोळे पांढरे. परत आले की सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "माहेरी बरी राहते वं ही. इथं काम दिसलं का पिवळी पडते." शेजारीण हसायची. मीही हसायचे. ते आठवलं की आता अंग जळतं.

मुलगी यंदा बारावीला आहे. अभ्यासात जेवायचं विसरते. तिचेही डोळे पिवळे झाले. सासूबाई तिला म्हणाल्या, "आईचंच घेतलं का वं तू? गुरुवार धर आता." तिने धरला. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे पाहून मी यांच्या मागे लागले आणि आम्ही तिघं दवाखान्यात गेलो.

आज रिपोर्ट आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा संसर्ग नाही. रक्तातल्या जुन्या पेशी मोडल्या की एक पिवळा पदार्थ तयार होतो. तो लिव्हरनं बाहेर टाकायचा असतो. हिचं लिव्हर ते काम जन्मापासून जरा सावकाश करतं. त्यानं लिव्हर खराब होत नाही, औषध लागत नाही. उपाशी राहिलं, ताप आला, जागरण झालं, की डोळे पिवळे दिसतात."

"उपाशी राहिलं की?" मी विचारलं. डॉक्टरांसमोर मी कधी बोलत नाही.

"हो. जेवण चुकवायचं नाही. तुमचेही डोळे तसेच दिसतात, तुम्हीही रक्त तपासून घ्या."

यांनी विचारलं, "म्हणजे हिच्या माहेरचं आहे नं हे?"

"सहसा आईबाप दोघांकडून यावं लागतं. तुम्हीही दिलं असेल, भाऊ."

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणे डॉक्टरीण?"

"काही नाही. साधं आहे," हे म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली.

"मंग उद्याचा गुरुवार करून घेऊ दे पोरीले. वाईट तर नाही होत."

मी वाट पाहिली. हे चहाच पीत राहिले. मग मीच म्हणाले, "उपासानंच डोळे पिवळे होतात. पोरगी उपास नाही करणार."

"तुले कोणं सांगितलं?"

"डॉक्टरीणबाईनं. विचारा यायले."

हे बशीत पाहून म्हणाले, "हो, म्हणे तसं."

"मंग इतके वर्ष तू केले ते?"

याचं उत्तर कोणी द्यायचं? मी का?

मी सगळ्यांच्या आधी मुलीचं ताट वाढलं. ती आजीकडे पाहू लागली. "जेव," मी म्हणाले. माझा आवाज इतका कडक निघाला की ती घाबरून जेवली. घाबरून तर घाबरून, पण पोटभर जेवली.