भट्टीतलं कुंकू

फरीदाबादच्या आमच्या शेडमध्ये बाबा निऑनची अक्षरं बनवतात. काचेची नळी ज्योतीवर मऊ करून वाकवायची, मग भट्टीत तापवत पंपाने आतली हवा आणि ओल ओढून घ्यायची, शेवटी गॅस भरायचा. बाकीचे कारागीर नळीला विजेचा जबर झटका देऊन तापवतात. बाबांचा भरवसा भट्टीवर. ती त्यांनी स्वतः बांधलीय आणि तिच्याशी ते आमच्यापेक्षा जास्त बोलतात.

एलईडी आल्यापासून कामं आटली. आईला पुण्याला परतायचं होतं, आणि ते ती रोज चहाबरोबर ऐकवायची. शेवटी ठरलं, गुरुग्रामच्या एका कॅफेचं काम पसंत पडलं तर शेड राहील, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

खंडेनवमीला आईने हत्यारांची पूजा केली. पंप, बर्नर, भट्टी, आग विझवायचं सिलिंडर, कुणालाही वगळलं नाही. टेबलावर वाकवून ठेवलेल्या कॅफेच्या अक्षरांनाही तेलात कालवलेलं कुंकू लागलं. दसरा झाल्यावर बाबांनी ते पाहिलं. फडकं उचललं आणि परत ठेवलं. पूजेचं कुंकू पुसायला त्यांचा हात धजेना. "जळून जाईल," म्हणाले, आणि भट्टी लावली.

जळलं, पण गेलं नाही. प्रत्येक अक्षरावर आईच्या बोटाचा काळपट डाग. घासलं, खरवडलं, काही उपयोग नाही. अक्षरं पेटवली की डाग आणखीच उठून दिसत. कॅफेवाला भला माणूस. "अंकल, लाइट तो बढ़िया है, पर ये दाग..." म्हणाला. मग म्हणाला, "रहने दीजिए, एलईडी लगवा लेंगे," आणि गेला.

बाबा भट्टीसमोर स्टुलावर बसले. "चल, जाऊ पुण्याला," आईला म्हणाले. हे वाक्य ऐकण्यासाठी तिने निम्मं आयुष्य इथे काढलं होतं. मला वाटलं, आता पेढे येणार. बाबांकडे मात्र बघवत नव्हतं.

आईने पदर खोचला.

"तुमचं असलं पडलेलं तोंड घेऊन मी पुण्याला जाणार नाही. त्याला फोन करा. अक्षरं नव्याने करून देतो म्हणावं."

बाबा हलले नाहीत. मग तिनेच फोन लावला. आयुष्यात तिने कुणाची माफी मागितलेली मी ऐकली नव्हती.

"भाईसाहब," आई म्हणाली, "गलती मेरी है, इनकी नहीं. इनको एक मौका और दे दो."