लंकाबाईंनी बाळाच्या कानात काय सांगितलं

गंगापूर रोडला पोळी-भाजीचं दुकान चालवणाऱ्या लंकाबाई भाजीवाल्यापासून जावेपर्यंत सगळ्यांना नावं ठेवतात. स्वतःचं नाव मात्र त्यांना कधीच आवडलं नाही. वडिलांनी पोरांची नावं जोडीनं ठेवली होती, थोरला वाल्मीक आणि धाकटी लंका.

"एकाच पोथीतली नावं," पोळी लाटता लाटता त्या मला सांगतात. मी त्यांची शेजारीण, हे दर आठवड्याला ऐकते. "दादाच्या वाट्याला ऋषी आला, माझ्या वाट्याला जळालेलं गाव." शाळेत पोरं त्यांना काडेपेटी दाखवून पळायची. लग्नात नवरदेवानं त्यांच्या नावाचा उखाणा घेतला आणि अख्खा मांडव हसला.

घोटीला तांदळाचा व्यापार करणाऱ्या या वाल्मीकदादांना दुसरी मुलगी झाली. पहिली आरोही. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून लंकाबाईंनी आधीच ठरवलं होतं, या पोरीला कुणाच्या नावाच्या शेपटाला बांधायचं नाही.

बारशाला मीही गेले. दारातच दादांनी आमच्या हातात स्टीलची वाटी ठेवली. पाहुण्यांना वाटायला पोतंभर आणल्या होत्या. वाटीवर नाव घातलेलं होतं, 'आरोही-अवरोही'.

"कशी वाटती जोडी, लंके? गाण्यातली हाय. एक चढती, एक उतरती."

"म्हणजे धाकटीनं जन्मभर उतरतच राहायचं का दादा?"

"लय इचार नको करू. वाट्यांवर नाव घातलंय, आता बदलता येत नाय."

लंकाबाईंनी वाटी पिशवीत टाकली. त्यांना वाद अर्ध्यात सोडताना मी कधी पाहिलं नव्हतं, मला काळजीच वाटली.

बाळाला पाळण्यात घातलं. लंकाबाई त्याच्या कानाशी वाकल्या आणि रीतीप्रमाणे बायकांनी त्यांच्या पाठीत बुक्के घालायला सुरुवात केली. बाई उठेनात, म्हणून बुक्केही थांबेनात. शेवटी कंबर धरून त्या सरळ झाल्या.

"हर्षाली," त्या म्हणाल्या.

"हे आरोहीशी कुठं जुळतं?" दादांचा चेहरा उतरला.

"नाय जुळत. दोघी भांडतील तेव्हा नावं तरी आपापली राहतील."

"मला आवडलं," बाळाची आई आशावहिनी म्हणाल्या. त्यांना तोवर कुणी विचारलंच नव्हतं. आत्यानं कानात सांगितलेलं नाव परत घेता येत नाही, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

वाट्या मात्र वाटल्याच. अवरोही कुठं आहे, असं घोटीत अजून लोक विचारतात. दादांनी आता पिकअपवर ते नाव लिहून घेतलंय. तांदूळ भरून ती कसारा घाट उतरते, तेव्हा शोभतंही.

त्या दिवशी परतताना बसमध्ये मी विचारलं, "एवढा वेळ कानात काय सांगत होतात?"

"आधी माझं नाव सांगितलं," पाठ चोळत लंकाबाई म्हणाल्या. "म्हटलं, आत्याचं नाव लंका हाय, हसायचं असंल तर आत्ताच हसून घे."

"मग?"

"हसली नाय गं. जांभई दिली." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "माझं नाव ऐकून न हसलेली पहिलीच."