काठाचा लाल दोरा

प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी महाल वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी आरशासमोर उभी राहून हातवारे करत होते. पाठ ताठ, नजर समोर, चेहऱ्यावर हसू, व्हिडिओत सांगतात ते सगळं. वाक्यं मात्र सारखी विसरत होते. हिंगण्याच्या कापड कारखान्यात माल तपासायच्या कामावर मी अजून कच्चीच होते. दवाखान्यांच्या चादरींचं हे काम मिळालं तर तुला पक्कं करतो, नाहीतर दुसरीकडे बघ, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

मी नमुन्याचा तागा घरी आणला होता. बाबा तो मांडीवर घेऊन चाचपत बसले होते. अख्खा जन्म हातमागावर गेलेला माणूस. डोळे अधू झाले, बोटं नाही.

"इथं धागा सुटला वं," ते म्हणाले.

"बाबा, मले पाठ करू द्या ना! काहून मधात बोलून राहिले?" मी खेकसले. त्यांनी बोट ठेवलं होतं तिकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलाच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेल्या, दवाखान्यांची खरेदी बघणाऱ्या मॅडम. पहिल्याच स्लाइडला माझा आवाज कापला. तिसरीवर बोबडीच वळली. घोकलेलं वाक्य अर्ध्यावर तुटलं आणि पुढचं काही केल्या आठवेना. साहेबांनी घड्याळ पाहिलं. म्हटलं, निदान कापड तरी दाखवू. घाईघाईने तागा उलगडला, तर काठाला लाल दोरा!

बाप्पा! हे बाबांचंच काम. मागावर आडवा धागा सुटला की बाबा त्या जागी काठाला लाल दोरा बांधायचे. गांधीबागेतल्या व्यापाऱ्याने ठाण उघडलं की खोट आधी त्याच्या नजरेस पडावी, म्हणून. आमच्या गल्लीत सगळेच बांधायचे. पण हा कारखाना होता हो बाबा, तुमचा माग नव्हता! मनातल्या मनात मी त्यांना नको नको ते बोलले.

हात टेबलाच्या कडेला नेऊन मी नखाने दोरा ओढला. निघेना. तोंडाने काहीबाही बोलत पुन्हा जोरात ओढला. बाबांची गाठ, ती कसली सुटते.

"हा दोरा कसला?" मॅडमनी विचारलंच.

"सुटा धागा असेल, मॅडम," साहेब हसत म्हणाले आणि त्यांनी माझ्यावर डोळे वटारले.

आता मॅडम स्वतःच दोऱ्यापाशी कापड चाचपायला लागल्या. लपवायला काही उरलंच नव्हतं.

"नाही मॅडम. इथे आडवा धागा सुटलाय. खोट दिसावी म्हणून दोरा बांधतात."

मला वाटलं, गेली नोकरी. मॅडमनी चष्मा लावून ती जागा पाहिली.

"अशी खोट तुम्ही शोधता कशी?"

अहो, ते तर माझं रोजचं काम! खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड कसं सरकवतो, खोट बहुतेक कुठे येते, कुठला तुकडा कापून बाजूला काढतो, मी सांगत सुटले. स्लाइड तिसरीवरच राहिली. आवाज कापत नाहीये, हे मला बऱ्याच वेळाने कळलं.

"आमच्या मालालाही खोट असेल तिथे असा दोरा बांधून पाठवाल?" मॅडमनी शेवटी विचारलं. साहेब माझ्याआधी हो म्हणाले. काम मिळालं, मी पक्की झाले.

घरी आले तर बाबा दारातच उभे.

"दोरा दिसला का त्यायले?"

"दिसला. काम भेटलं, बाबा."

"मले दिवसभर धाकधूक होती वं. वाटलं, भेदरून तोडून टाकते का काय." त्यांचे डोळे भरून आले. "नाही तोडला! माही पोरगी आहे."

त्यांनी माझा हात धरायला हात पुढे केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उजवा हात ओढणीत गुंडाळून घेतला. दोरा ओढताना अंगठ्याचं नख मुळापासून तुटलं होतं.