यास्मिनची लाल रेघ

देहूरोडच्या फलाटावर सकाळच्या लोणावळा लोकलसाठी ज्या बायका थांबत, त्यांच्यात यास्मिन कोण हे कुणाला विचारावं लागत नसे. जिच्याभोवती बाकीच्या उभ्या, ती यास्मिन. चणीनं लहान, जिभेनं तिखट, आणि हातातला फोन फौजदारानं दंडुका धरावा तसा धरलेला. चाकणजवळ मोटारींच्या वायरींचे जुडगे बांधणाऱ्या एका कंपनीत ती कंत्राटावर होती. बाकीच्याही तशाच. लोकलनं तळेगाव, स्टेशनाबाहेर उभी असलेली कंपनीची बस, आणि बस गेटात शिरली की हजेरीच्या खिडकीत हिंदुराव.

हिंदुराव पगारी माणूसच, पण कंपनी वडिलोपार्जित असल्यासारखे वागत. गाडी लेट झाली, हे रडगाणं ऐकून त्यांचे कान किटले होते. मग त्यांना तो नकाशा सापडला. रेल्वेच्या नादी लागलेल्या कुठल्याशा पोरांनी तो फोनसाठी बनवला होता. सगळा पुणे-लोणावळा मार्ग त्यात हिरव्या रेघेनं काढलेला, आणि कुठं गाडी अडकली की तेवढी रेघ लाल. अडकली हे सांगायचं रुळांच्या आसपास असलेल्या प्रवाशांनीच. फोनवर ‘थांबली’ दाबा नाहीतर ‘चालू’ दाबा; ज्या बाजूला अंगठे जास्त, तो रंग. हिंदुरावांनी हा नकाशा खिडकीतल्या मोठ्या पडद्यावर लावून ठेवला आणि कायदा करून टाकला: रेघ लाल असेल तर उशीर माफ, हिरवी असेल तर लेट मार्क. बाईमाणूस खोटं बोलेल, नकाशाला काय पडलंय, असं ते म्हणत.

नकाशाला काही पडलेलं नव्हतं, पण यास्मिनला होतं. पहिल्या आठवड्यातच तिनं त्याची नस पकडली. पहिल्या गाडीनं आलेल्या बायका तळेगावात बसमध्ये बसून ड्रायव्हरची वाट बघत. तेवढ्या वेळात त्यांनी मागच्या गाडीवर ‘थांबली’ दाबलं, की मागची गाडी बेगडेवाडीच्या पुढं अडकलेली दिसे. मग जिचं पोर आजारी, जिच्या नळाला पाणी नाही, जिचा नवरा पिऊन दारात आडवा, ती त्या मागच्या गाडीनं, आणि पुढं वडापच्या भाड्याच्या जीपनं, सावकाश येई आणि मान वर करून खिडकीसमोरून जाई. याला बायका ‘लाल करणं’ म्हणत. फोनवर त्यांचा ग्रुप होता. त्यात आज कुणासाठी लाल करायचं, हे एकटी यास्मिन ठरवायची.

आता, जिच्या हाती ससा ती पारधी. रोज लाल केलं तर हिंदुरावांना वास लागेल, हे तिचं म्हणणं खरंच होतं. म्हणून एका आठवड्यात एकदाच, आणि तेही यास्मिनला पटलं तर. जी तिच्यासाठी खिडकीजवळची जागा धरी, तिचं कारण लवकर पटे. सुप्रिया ही तिची जिवाभावाची मैत्रीण. तिचं तर न सांगताच पटे. एकदा सुप्रियाला भावाच्या साखरपुड्याच्या खरेदीला जायचं होतं म्हणून सोमवारी लाल झालं. बुधवारी जाईबाईंचा फोन आला. जाईबाई त्यांच्यात सगळ्यांत थोरल्या, आणि त्यांची सून अनिता यास्मिनच्याच बसमध्ये बसलेली. नातवाला रात्रभर फणफणून ताप होता, डॉक्टरकडे थांबावं लागलं होतं. यास्मिननं फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला आणि म्हणाली, “या हप्त्याचं झालंय, जाईबाई. रडून नकाशा लाल होत न्हाई.”

एक-दोघी हसल्या. यास्मिनही हसली. जाईबाईंचा तो शेवटचा लेट मार्क ठरला, कंत्राटदारानं त्यांना घरी बसवलं, आणि त्या चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जाऊ लागल्या. अनितानं त्यावर चकार शब्द काढला नाही. ती निमूटपणे यास्मिनसाठी जागा धरत राहिली, आणि यास्मिनला वाटलं, प्रकरण मिटलं. माणसं गप्प बसली की प्रकरण मिटलं असं ज्यांना वाटतं, त्यांची मला कीव येते.

पण ही फौजदारीण घरी मात्र कुणीच नव्हती. नवरा वारल्यापासून ती दिराकडं, युनूसकडं राहत होती. युनूसचं गॅरेज, घर दोन खोल्यांचं. यास्मिन स्वयंपाकघरात झोपे, आणि जाऊ सुरय्या पाणी प्यायला उठली की तिच्या अंथरुणावर पाय देऊन जाई. चुकून नव्हे. पहाटेच्या सगळ्यांच्या भाकऱ्या यास्मिनच्या, भांडी यास्मिनची, आणि वर उपकारही तिच्यावरच. म्हणून तिनं तळेगावात एक खोली बघून ठेवली होती. पत्र्याची, एका खिडकीची, पण तिची एकटीची. घरमालक यशवंतराव स्पष्ट बोलले होते: एकट्या बाईला खोली देतो, पण नोकरी परमनंट पाहिजे; कंत्राटवाल्या बाया आज आहेत उद्या नाहीत. यास्मिननं एका रविवारी सगळ्या बायकांना नेऊन ती खोली दाखवली होती. चूल इथं, कपाट इथं, असं हवेत हात करून सांगितलं होतं. सुप्रिया तेव्हा खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत होती.

आणि परमनंट होणं तोंडाशी आलं होतं. कंपनी कंत्राटातल्या काही बायका कायम करणार होती. हजेरी आणि काम बघून केलेली यादी फळ्यावर लागली. कायम होणाऱ्यांत शेवटचं नाव यास्मिनचं, आणि तिच्या लगेच खाली, वगळलेल्यांत पहिलं, सुप्रियाचं. शनिवारी पत्रं वाटायची होती. तोवर वरच्या कुणाला एक जरी लेट मार्क लागला, तर ती खाली आणि खालची वर, हे हिंदुरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं. यास्मिननं सुप्रियाच्या खांद्यावर हात टाकला आणि पुढच्या वर्षी तुझं नक्की, असं म्हणाली. मोठ्या मनानं म्हणाली, असं तिला तरी वाटलं.

शनिवारी पहाटे सुरय्याचं डोकं दुखायला लागलं. फुकटची मोलकरीण हातची जाणार म्हटल्यावर कुणाचंही दुखेल. त्यात युनूसनं गॅरेजच्या चार माणसांना नाश्त्याला बोलावलं होतं. यास्मिननं भाकऱ्या थापल्या, खिमा परतला, ताटं लावली. दिराला नाही म्हणायची तिची टाप नव्हती, आणि पत्र हातात पडेपर्यंत त्या घरातून हाकलून घेणं तिला परवडणारं नव्हतं. ती फलाटावर पोचली तेव्हा पहिली गाडी गेलेली होती.

तरी ती घाबरली नाही. नकाशा होता, बायका होत्या. मागच्या गाडीत बसून तिनं ग्रुपवर लिहिलं, मी मागच्या गाडीत आहे, लाल करा. सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा एकामागून एक उमटल्या. उत्तर कुणाचंच आलं नाही. तिनं नकाशा उघडला. रेघ हिरवीगार होती. तिनं स्वतःच ‘थांबली’ दाबलं. बेगडेवाडीपुढचा तुकडा क्षणभर लाल झाला, आणि तिचा श्वास सुटायच्या आत परत हिरवा झाला. म्हणजे कुणीतरी ‘चालू’ दाबत होतं. गप्प राहणं तिला समजलं असतं. भीतीनं माणूस गप्प राहतो. पण हे गप्प राहणं नव्हतं.

तिनं सुप्रियाला फोन लावला. पहिल्यांदा वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा सुप्रियानं उचलला.

“अगं, बस कवाच निघाली,” सुप्रिया म्हणाली. “आता इथून न्हाई व्हायचं.”

तिच्यामागं तळेगाव स्टेशनातल्या चहावाल्याची आरोळी स्वच्छ ऐकू येत होती. यास्मिननं फोन ठेवला. गाडी त्या दिवशी अशी सुसाट धावली की एरवी रोज सिग्नलला रखडणारी ही तीच गाडी का, असं वाटावं. यास्मिन, जिनं आजवर कितीतरी धावत्या गाड्या बसल्या जागी थांबवल्या, ती आता मनातल्या मनात अल्लाची करुणा भाकत होती की ही एक खरोखर थांबू दे. रुळावर म्हैस येऊ दे, तार तुटू दे, काहीही होऊ दे. घोरावाडी आलं, गेलं. तळेगाव आलं.

वडापच्या जीपनं ती गेटावर पोचली. हिंदुराव तिचीच वाट बघत असावेत, कारण त्यांनी खुर्ची खिडकीकडं वळवून ठेवली होती. तिनं तोंड उघडायच्या आत त्यांनी पडद्याकडं बोट केलं. मागच्या गाडीवर कुणी काय दाबलं, त्याची रांग तिथं दिसत होती. हिरव्यांची लांबलचक, आणि वर एकुलता एक लाल ठिपका.

“हा लाल तुझाच ना?” त्यांनी विचारलं. “मला काय ठावं न्हवतं व्हय गं? तळेगाव स्टेशनात माझा मेव्हणा हाय, रोज इचारतो त्याला गाडी कुठं हाय म्हनून. पोरींची गरज हुती, ऑर्डरी हुत्या, म्हनून चालू दिलं. मला बघायचं हुतं, तुझ्यावर येळ आल्यावर कोन लाल करतंय.”

त्यांनी लेट मार्क मारला. दुपारी पत्रं वाटली गेली. सुप्रियाचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यात जोरात टाळी अनितानं वाजवली, आणि टाळी वाजवताना ती यास्मिनकडं बघत होती. यास्मिनला तेव्हा जाईबाई आठवल्या, पण उशिरा आठवल्या. खरं सांगायचं तर, तिला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं नाही. स्वतःबद्दल इतकं वाटत होतं की दुसऱ्या कुणासाठी जागाच उरली नव्हती. मी तिला यापेक्षा चांगली करून सांगू शकत नाही, ती तशी नव्हती.

संध्याकाळच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा कुणी धरली नव्हती. ती मागं, टायरवरच्या बाकावर बसली. तळेगाव यायच्या जरा आधी सुप्रिया उठून तिच्याशेजारी येऊन बसली. पत्र तिनं ओढणीच्या घडीत ठेवलं होतं. ते तिनं आणखी आत सरकवलं. मग हळूच म्हणाली, “तुला राग येईल, पर इचारते. ती खोली आता तुला न्हाई ना घेता येनार? मग त्या यशवंतरावांचा नंबर दे की.”

यास्मिननं फोन काढला. नंबर शोधून तिनं तो सुप्रियाला पाठवला.

“जाशील तवा पत्र घेऊन जा,” ती म्हणाली. “पत्राशिवाय त्ये दार उघडत न्हाईत.”