राखणदाराचा गूळ

नांगराची मूठ सोडून माझा नवरा चिखलात बसला आणि त्याने स्वतःच्या बापाला शिवी दिली. तशी शिवी मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. सासरे त्याला उठवायला वाकले तर त्यांच्या हातावर फटका मारला. सदरा पिळून काढावा असा घामाने भिजला होता, पण अंगाला हात लावला तर गार. डोळे माझ्याकडे होते, ओळख मात्र नव्हती.

लावणी चालली होती. आमचं गाव पोलादपूरच्या वर डोंगराच्या कुशीत, शेत खाली नदीकडे. घरापासून अर्ध्या तासाची उतरण. आम्ही बायका रोपांच्या मुठी बांधत होतो, त्या टाकून धावलो.

"मुंबईची चढली हाय," शेजारीण म्हणाली.

"सकाळच्या पारी?" दुसरी म्हणाली.

"मुंबईत सकाळ नि संध्याकाळ सारखीच गो."

सासरे म्हणाले, "शिवेवरचा राखणदार कोपला. नारळ उशिरा दिला ना आपण." चिखलणीचा नांगर धरण्याआधी राखणदाराला, शिवेच्या देवाला, नारळ-गूळ द्यायची आमची पद्धत. त्या वर्षी जोत आधी धरलं होतं, नारळ आणि शेजारणीकडून मागून आणलेला गूळ चौथ्या दिवशी, म्हणजे त्याच सकाळी दिला होता.

मला माहीत होतं, दारू नाही आणि राखणदारही नाही. त्याला साखरेचा आजार होता. दोन वर्षांपूर्वी परसात तो लघवीला बसे तिथे मुंग्यांची रांग लागायला लागली, तेव्हा कळलं. मुंबईत तो एका कचेरीच्या दारावर पहारा करी. तिथल्या डॉक्टरने रोज सकाळी मांडीत टोचायला सुई दिली. लावणीला आला तेव्हा काचेच्या पिचकारीची सुई, तिच्या औषधाची कुपी आणि एक निळं औषध घेऊन आला. काचेच्या नळीत ते निळं औषध घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. साखर जास्त असली तर विटेसारखा लाल रंग येतो. निळं राहिलं तर साखर नाही. सासू ते चुलीवर चालू देईना, म्हणून गोठ्यामागे तीन दगड मांडून मी उकळत असे.

सासूने गूळ-साखर आल्या दिवशीच घराबाहेर काढली. भात बंद केला. सकाळी अर्धी भाकरी आणि कालवण, बस. "साखरेने पोर जायचं नाय माझं," म्हणायची. तीन दिवस निळं निळंच राहिलं आणि आम्ही सगळे खूश.

त्याच्या सदऱ्याच्या खिशात खडीसाखरेची पुडी होती. हातपाय कापायला लागले, घाम फुटला तर ती तोंडात घालायची, असं त्याने मला सांगून ठेवलं होतं. सदरा धुताना ती सासूला सापडली.

"बघ गो, तुझा नवरा चोरून खातो," म्हणाली आणि पुडी ओढ्यात फेकली.

मी बोलले नाही. सासूपुढे बोलायची पद्धत नव्हती, असं मी पुढे पुष्कळ वर्षं सांगत आले. खरं म्हणजे मलाही वाटलं होतं, साखर जवळ नसलेलीच बरी.

आता तो चिखलात आडवा झाला होता आणि त्याचा जबडा आवळत चालला होता. घरी गूळ नाही. शेजारणीच्या घरी जाऊन यायला तासभर तरी लागला असता. मी शिवेच्या बांधाकडे पळाले. दगडाच्या आडोशाला पळसाच्या पानावर राखणदाराचा गूळ होता, ओला, वर मुंग्या. मी तो उचलला.

"ठेव तो!" सासरे ओरडले. "ठेव म्हणतो! साऱ्या घराचा नाश करशील."

सासूने माझा पदर धरला. "गूळ नको त्याला. विष हाय ते त्याला."

मी पदर सोडवला. त्याला कुशीवर केलं, गूळ बोटाने कुस्करला आणि मुंग्यांसकट गालाच्या आत, हिरड्यांना चोळत राहिले. तो माझ्या बोटाला चावला. अजून व्रण आहे. मी आणखी गूळ लावला. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्याने गिळलं. थोड्या वेळाने म्हणाला, "बैल कुठायत?"

"उतरली वाटतं," शेजारीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याला एस्टीने महाडला डॉक्टरकडे नेलं. सासूही आली. डॉक्टरने विचारलं, "मुंबईत काय करता?"

"स्टुलावर बसतो."

"इथे?"

"जोत धरतो."

"सुई तेवढीच? आणि जेवण?"

सासूने अभिमानाने सांगितलं, "अर्धी भाकरी. गूळ तर घरात ठेवला नाय मी."

डॉक्टर म्हणाले, "धडधाकट माणूस जेवला की पोटातली एक ग्रंथी रस सोडते. त्या रसाने रक्तातली साखर अंगात शिरते. कमी जेवला तर रस कमी. उपाशी राहिला तर यकृतात साठवलेली साखर बाहेर येते. अंग आपलं आपण बघून करतं. ह्यांची ग्रंथी थकली, म्हणून तो रस सुईने द्यायचा. पण सुईला काही दिसत नाही. तुम्ही भाकरी अर्धी केलीत, तिला ठाऊक नाही. नांगर धरला की अंग आणखी साखर खातं, तेही तिला ठाऊक नाही. आणि निळं म्हणजे साखर जास्त नाही एवढंच. किती खाली गेली ते त्यात कळत नाही."

सासूने विचारलं, "म्हणजे मी मारत होते त्याला?"

डॉक्टर चिठ्ठी लिहीत राहिले. जोत धरायच्या दिवसांत सुई कमी आणि जेवण पोटभर, असं त्यांनी लिहिलं.

परतताना एस्टीत पुडीचं सांगावं असं माझ्या मनात आलं. ओढ्यात टाकली तिने, पण कशाला आहे ते ठाऊक मला होतं. मी सांगितलं नाही. घरी आल्यावर सासूने त्याचं ताट माझ्याकडे सरकवलं. "तू वाढ त्याला."

सासरे त्या पावसाळ्यात राखणदाराला दोन नारळ देऊन आले. नाश काही झाला नाही.

नवरा त्यानंतर बारा वर्षं जगला. सासू त्याच्या आधी तीन वर्षं गेली. त्या नऊ वर्षांत तिने त्याचं ताट एकदाही वाढलं नाही.