मीठ अगदी बेताचं

सूपच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता बाई सत्तावीस वर्षांत कंपनीच्या उत्पादनप्रमुख झाल्या, त्या निव्वळ जिभेच्या जोरावर. कंपनीचा माल अकरा देशांत जायचा, पण बाईंनी मान हलवल्याशिवाय एक पाकीट हलत नसे. पाठीमागे सगळे त्यांना ‘जीभ’ म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

आठ महिन्यांपूर्वी त्यांना ताप आला. चार दिवसांनी गेला, तो चव घेऊन गेला. साखर काय नि मीठ काय, सगळं सारखंच. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. बाईंनी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! जीभच गेली म्हटल्यावर खुर्ची कशाच्या जोरावर राहणार?

त्यांचं निभलं ते चाखण्याच्या बैठकीतल्या एका रिवाजामुळे. तो त्यांनीच पाडलेला: आधी प्रमुखाने चाखायचं आणि मत द्यायचं, मग बाकीच्यांनी हुद्द्याप्रमाणे. बाई जुन्या अनुभवावर काहीतरी ठोकून द्यायच्या आणि टेबलाभोवतीचे नऊजण त्यांचीच री ओढायचे.

त्या मंगळवारी टोमॅटोचं नवं सूप आलं. मोठे साहेबही मुद्दाम येऊन बसले होते. बाईंनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले. “छान. मीठ अगदी बेताचं.”

“अगदी बेताचं,” उपप्रमुख म्हणाले. पुढे आठही जणांना ते बेताचंच लागलं.

तेवढ्यात प्रयोगशाळेतले काका दारात आले. हातात वाटी. “मॅडम, माफ करा. मीठ मोजून ठेवलं आणि घालायचंच राहिलं. हे बघा.”

बाईंना काकांवर डाफरून वेळ मारून नेता आली असती. शब्द ओठांवर आलेही होते. पण त्या वाटीतल्या मिठाकडे बघता बघता त्यांना एकदम या सगळ्याचा कंटाळा आला.

“काकांचं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “मला आठ महिने चवच लागत नाही.”

बोलून गेल्या आणि छातीवरचा धोंडाच उतरला. आता काय व्हायचं ते होवो.

मोठे साहेब म्हणाले, “तुमची चव तापाने गेली. या नऊ जणांची कशाने गेली? ते आधी शोधा. खुर्ची तुमचीच राहील.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. नऊ जणांनी माना खाली घातल्या.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याने नेहमीप्रमाणे विचारलं, “भाजी कशी झालीय?” स्वयंपाक त्याच्याकडे असायचा.

आठ महिने त्या ‘छान’ म्हणत आल्या होत्या. “मला काही कळत नाही रे,” त्या म्हणाल्या आणि सगळं सांगून टाकलं.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. लेकीने चमचा खाली ठेवला. “आई, मग आधी सांगायचंस ना! बाबांची भाजी कधीची खारट होतेय. तू छान म्हणतेस म्हणून आम्ही मुकाट गिळतोय.”

“मलाही खारटच लागायची,” नवरा हळूच म्हणाला. “पण म्हटलं, तुझ्यापुढे मी काय बोलणार?”

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग ताट बाजूला सारून लेकीला म्हणाल्या, “उद्यापासून आधी तू चाखायचंस. आणि खरं बोलायचं.”