दातांची तार आणि बाईसाहेबांचा तिळगूळ

माझे वरचे दोन दात पुढे होते. ते मागे सारण्यासाठी वडिलांनी मला भोरहून पुण्याला नेले, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. विलायतेत शिकून आलेल्या दंतवैद्यांनी दातांना धातूच्या पट्ट्या बसवल्या, त्यांतून तार ओवली आणि बजावले, "कडक, चिकट काही खायचं नाही. पट्टी सुटली की मुसळ केरात." वडिलांनी मान डोलावली. ते संस्थानच्या कचेरीत कारकून होते. मान डोलावणे हे त्यांचे निम्मे काम होते.

पहिले आठ दिवस दात असे ठणकले की मी मऊ भातही नुसता गिळत असे. मिठाच्या पाण्याने गुळण्या करून जीभ खरवडल्यासारखी झाली. त्याची फिकीर कोणाला नव्हती. कौतुक सगळे तारेचे. कचेरीतली मंडळी घरी येत, मी आ वासायचा आणि वडील उदबत्तीच्या काडीने एकेक पट्टी दाखवायचे. संस्थानातली ही पहिलीच तार, असे ते सांगत. दवंडी तेवढी पिटायची राहिली होती.

मग संक्रांत आली. वडिलांच्या वरिष्ठांच्या पत्नीला सारे गाव बाईसाहेब म्हणे. त्यांच्याकडे हळदीकुंकवाला आई मला घेऊन गेली. निघताना वडील म्हणाले होते, "त्यांच्या घरचं काही नाकारायचं नाही." बाईसाहेबांनी चिक्कीच्या गुळाचा लाडू माझ्या हातावर ठेवला. दिसायला सुपारीएवढा, जात दगडाची. मी तो मुठीत लपवला.

"हातात काय धरून बसलीस गं? आमच्याशी गोड बोलायचं नाही वाटतं?"

आईने डोळे वटारले. मी लाडू तोंडात टाकला. दुसऱ्यांदा चावताच उजवीकडची पट्टी कट्कन सुटली आणि तारेचे टोक गालात घुसले. मी गोड हसले. बाईसाहेब प्रसन्न झाल्या.

संध्याकाळपर्यंत गाल सुजला. पुण्याला जायचे तर वडिलांना रजा हवी आणि अर्जात कारण हवे. 'आपल्या घरच्या तिळगुळाने पट्टी निसटली' असे वरिष्ठांना लिहिणारा कारकून अजून जन्माला आला नव्हता. तेव्हा गावातल्या एका डॉक्टरांना बोलावले. त्यांना दरबारात खुर्ची मिळे, म्हणून ते रोग्याकडेही फेटा बांधून येत.

"तार दातांना धरून आहे," ते म्हणाले, "पुढचे दोन दातच काढले की तार टोचेल कशी? उद्या सकाळी घेऊन या."

वडिलांनी मान डोलावली. मी रडून घर डोक्यावर घेतले. पुढचे दोन दात गेलेली मुलगी म्हणजे काय, हे तेराव्या वर्षी कोणी समजावून सांगावे लागत नाही.

सकाळी आम्ही निघणार, तोच वेल्ह्याकडची तूप-मध विकणारी बाई दारात आली.

"पोरीचं त्वांड का सुजलंय, वैनी?"

आईने सगळे सांगितले. बाईने पाटी उतरवली, माझी हनुवटी धरून आत पाहिले.

"आन् ह्याला दात उपटायचं? बुगडीचं टोक टोचाय लागलं तर आमी मेण लावतो. कान न्हाई कापत."

तिने मधाच्या पोळ्याचे मेण चिमूटभर घेतले, बोटांत मळून वाटाण्याएवढी गोळी केली आणि तारेच्या टोकावर दाबून बसवली. टोचणे तिथेच थांबले. आणखी थोडे मेण तिने आईच्या हातावर ठेवले.

"पण डॉक्टर वाट बघत असतील. त्यांना काय सांगायचं?" वडील म्हणाले.

"सांगा, तिला ताप आलाय," आई म्हणाली. "नाहीतर त्यांना तुमचे दात द्या जा."

चार दिवस मी जेवताना मेण काढत होते आणि चूळ भरून नवे लावत होते. मग वडिलांना देवकार्याच्या नावाखाली रजा मिळाली. पुण्याच्या दंतवैद्यांनी मेण सोलून काढले आणि खूश झाले.

"वा! म्हणून गाल चिघळला नाही. कोणाची ही युक्ती?"

वडिलांनी उपरणे सारखे केले. "आमच्या भोरच्या डॉक्टरांची."

दंतवैद्यांची दोन बोटे माझ्या तोंडात होती, त्यामुळे मला बोलता येईना. त्यांनी पट्टी पुन्हा बसवली आणि भोरच्या डॉक्टरांना शाबासकीच्या चार ओळीही लिहून दिल्या. डॉक्टरांनी त्या ओळी काचेत मढवून आपल्या दवाखान्यात लावल्या. दात मात्र माझ्या तोंडात राहिले.